बिझनेस स्कूल निवडताना वर्गाबद्दलही विचारा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

व्यवस्थापनाच्या प्रवेशांचे दिवस आले की वृत्तपत्रांतून बिझनेस स्कूलांविषयी पुष्कळ छापून येते. कोणती संस्था कितव्या क्रमांकावर आहे, सरासरी पॅकेज किती, सर्वांत मोठी ऑफर किती रकमेची, कोणत्या कंपन्या येऊन गेल्या. ही माहिती हवीच, कारण या शिक्षणासाठी बहुतेक जण कर्ज काढतात आणि हातातली नोकरी सोडून येतात. पण माझे दुसरे वर्ष आता संपत आले आहे आणि इथे मला सर्वांत जास्त शिकवले कोणी, असा विचार करते तेव्हा उत्तर येते : माझ्या वर्गाने. त्या वर्गाविषयी कोणत्याही तक्त्यात एक ओळही नसते, म्हणून हे पत्र.

मी औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर. इथे येण्यापूर्वी एका रुग्णालयाच्या औषध विभागात काम करत होते. आमची संस्था लहान आहे. बॅच इतकी आटोपशीर की पहिल्या सत्राच्या अखेरीस प्रत्येकाला प्रत्येकाचे नाव, आधीचे काम आणि साधारण स्वभाव माहीत झालेला असतो. सगळे वसतिगृहात राहतात, एकाच सभागृहात बसतात, एकाच वाचनालयात रात्री जागतात. त्यातही पाच-पाच जणांचे स्टडी ग्रुप असतात आणि ते संस्था ठरवते. माझ्या गटात एक सनदी लेखापाल, एक सैन्यातून निवृत्ती घेतलेला अधिकारी, एक सॉफ्टवेअर इंजिनिअर, घरच्या कारखान्याचा व्यवहार सांभाळणारी एक मैत्रीण आणि मी. निवडीचे स्वातंत्र्य असते तर आमच्यापैकी एकानेही दुसऱ्याला निवडले नसते. मी तर नक्कीच विज्ञान शाखेतल्या ओळखीच्या मुलींजवळ जाऊन बसले असते.

पहिल्या सत्रात अकाउंटिंगने मला रडवले. निव्वळ नफ्यापासून रोख प्रवाह काढताना घसारा, म्हणजे वस्तू जुनी होत जाते म्हणून दरवर्षी मांडलेला खर्च, परत जोडायचा असतो. खर्च म्हणून एकदा वजा केलेली रक्कम पुन्हा जोडायची कशासाठी, हे पुस्तक वाचून मला काही केल्या समजेना. आमच्या लेखापालाने पुस्तक मिटून ठेवले आणि विचारले, ‘‘तुझ्या विभागातली सर्वांत महाग वस्तू कोणती?’’ मी म्हटले, लशी आणि इन्सुलिन ठेवायचे मोठे शीतकपाट. ‘‘ते घेतले तेव्हा पैसे एकदाच गेले की दरवर्षी जातात?’’ एकदाच. ‘‘मग आता दरवर्षी त्याच्या नावाने जो खर्च लिहितात, त्यासाठी तिजोरीतून काही बाहेर जाते का?’’ एवढे पुरले. नफा हे एक मोजमाप आहे आणि हातात असलेली रोकड हे दुसरे, हा फरक त्या रात्री जो डोक्यात बसला तो कायमचा. कारखानावाली मैत्रीण त्यावर म्हणाली, की तिच्याकडे वर्षभर नफा दिसत असूनही पगाराच्या दिवशी पैसे नसतात, कारण माल उधारीवर गेलेला असतो. खेळते भांडवल, म्हणजे रोजचा व्यवहार चालवायला लागणारा पैसा, काय असते हे आम्हां पाचही जणांना त्या एका वाक्यावरून कळले. त्यानंतर त्या विषयावरचे प्राध्यापकांचे व्याख्यान उजळणीसारखे वाटले.

मला शिकवणारे जसे होते, तसे माझ्याकडून घेणारेही होते. ऑपरेशन्सच्या तासाला एका वेळी किती माल मागवावा याचे सूत्र आले. फोर्ड हॅरिस या अभियंत्याने ते १९१३ मध्ये मांडले. मागणी, ऑर्डर देण्याचा खर्च आणि माल साठवण्याचा खर्च या तिघांचा मेळ घालून ते एक नेमका आकडा देते. गटात सगळ्यांना ते फार आवडले. मला मात्र विषबाधेवरच्या उताऱ्यांची औषधे आठवली. ती क्वचित लागतात, पुष्कळदा कपाटातच त्यांची मुदत संपते, आणि तरीही ती ठेवावीच लागतात. कारण ज्या रात्री लागतात त्या रात्री ती नसणे म्हणजे काय, हे रुपयांत मांडता येत नाही. शिवाय ‘आधी आलेला माल आधी बाहेर’ हा सर्वसाधारण गोदामाचा नियम औषधांना पुरत नाही. तिथे ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर काढावे लागते, मग ते नंतर आलेले का असेना. माझे बोलणे ऐकून सैन्यातला मित्र म्हणाला, दूरच्या ठाण्यावर गाडीच्या सुट्या भागांचे नेमके हेच असते. मग आम्ही दोघांनी मिळून वर्गात तो मुद्दा मांडला आणि पुढचा सगळा तास सुरक्षा साठ्यावर, म्हणजे अडीअडचणीसाठी राखून ठेवायच्या जास्तीच्या मालावर, गेला. हिशेबाच्या भाषेत बोलता न येणारी मी आणि औषधांच्या दुकानात फक्त गिऱ्हाईक म्हणून गेलेले ते, असे आम्ही एकमेकांना उपयोगी पडलो. मला इथे आपले काही मोल आहे असे पहिल्यांदा वाटले ते त्या तासाला.

अशी जवळीक आपोआप होत नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. ती घडवावी लागते, आणि ज्यांनी हे शिक्षण उभे केले त्यांनी हे बऱ्याच आधी ओळखले होते. हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ मध्ये सुरू झाले. १९१९ मध्ये वॉलेस डॉनम तिथे डीन झाले. ते स्वतः कायद्याचे पदवीधर, त्यामुळे खटल्यांवरून कायदा शिकवण्याची पद्धत त्यांना ठाऊक होती; तीच त्यांनी धंद्याच्या शिक्षणात रुजवली. केस म्हणजे एखाद्या कंपनीपुढच्या पेचाचे लेखी वर्णन; या पद्धतीत प्राध्यापक उत्तर सांगत नाही, वर्ग चर्चेतून ते शोधतो. म्हणजे शेजाऱ्याने रात्री केस वाचली नसेल तर नुकसान माझेही होते. पुढे तिथे वर्गखोल्याही पायऱ्यांच्या आणि अर्धवर्तुळाकार बांधल्या गेल्या, बोलणाऱ्याचा चेहरा सर्वांना दिसावा म्हणून. पहिले वर्षभर सुमारे नव्वद जणांचा एक सेक्शन सगळे मुख्य विषय एकत्र शिकतो. फ्रान्समधल्या इन्सिआड या बिझनेस स्कूलमध्ये छोटे गट करताना वेगवेगळ्या देशांचे आणि वेगवेगळ्या पेशांचे विद्यार्थी मुद्दाम एकत्र बसवले जातात. यातली कुठलीही गोष्ट माहितीपत्रकातल्या ‘आमचे कुटुंब’ या शब्दांनी साधत नाही. कोण कोणाशेजारी बसेल, कोणाचे काम कोणावाचून अडेल, हे कोणीतरी आधी बसून ठरवलेले असते.

माझ्या जुन्या कामामुळे मला एक संशोधन विशेष जवळचे वाटते. आज हार्वर्डमध्ये प्राध्यापक असलेल्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला होता. जिथे माणसे एकमेकांशी चांगली वागतात तिथे चुका कमी सापडतील, अशी अपेक्षा होती. आकडे उलट आले : चांगल्या चमूंत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. त्यांनी खोलात जाऊन पाहिले तेव्हा अर्थ लागला तो असा, की तिथे चुका अधिक होत नव्हत्या, त्या सांगायला लोक घाबरत नव्हते. १९९९ च्या निबंधात त्यांनी याला मानसिक सुरक्षितता म्हटले. मी औषध विभागात होते, त्यामुळे चूक दडपली गेली तर पुढे काय होते हे मला कोणी सांगायला नको. वर्गात ‘मला हे समजले नाही’ असे म्हणता येणे हीसुद्धा तीच गोष्ट आहे. आमच्या गटात पहिल्या महिन्यातच हे वाक्य रोजचे झाले आणि सगळ्यांत आधी ते म्हणाला सैन्यातला अधिकारी, जो वयाने आणि अनुभवाने आमच्यात सर्वांत मोठा होता. त्याने ते म्हटले नसते तर बाकीचे चौघे किती दिवस माना डोलावत राहिलो असतो, कोण जाणे.

सगळे गोड होते असे मात्र नाही. गटातला एक जण बरेच दिवस तयारी न करता येत असे आणि सादरीकरणात नाव सर्वांचे लागत असे. अशा माणसाला आम्ही ‘फ्री रायडर’ म्हणतो. आमच्याकडे सत्राच्या शेवटी सहकाऱ्यांनी एकमेकांना गुण द्यायचे असतात. तिथे कमी गुण देऊन हिशेब चुकता करणे सोपे होते. कारखानावाल्या मैत्रिणीने ते होऊ दिले नाही. तिने त्याला समोर बसवून विचारले. घरी वडिलांचे आजारपण होते आणि तो रोज रात्री तासन्‌तास फोनवर असायचा. आम्ही कामाची वाटणी बदलली. त्याच्याकडे आकडेमोड दिली, जी तो पहाटे उठून एकट्याने करू शकत होता. सत्र संपायच्या आत त्याने मांडलेली कोष्टके वर्गात इतर गटही मागायला लागले. जवळ राहणाऱ्या माणसांना असे विचारता येते. सात-आठशे जणांच्या गर्दीत त्याला फक्त कमी गुण मिळाले असते.

याच्या विरुद्ध जाणारी एक व्यवस्था बहुतेक बिझनेस स्कूलांत आहे आणि तिच्याबद्दल मी स्पष्ट बोलणार आहे : रिलेटिव्ह ग्रेडिंग. तुम्हांला किती येते यावर श्रेणी ठरत नाही, इतरांच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात यावर ठरते. वरच्या श्रेणीत जागा मोजक्या, खालच्या श्रेणीत कोणीतरी असायलाच हवे. मग मी शेजारणीला परीक्षेच्या आदल्या रात्री समजावून सांगितले तर हिशेबाने मी स्वतःचीच जागा धोक्यात घालते. संस्था एकीकडे ‘एकमेकांना मदत करा’ म्हणते आणि दुसरीकडे मदतीला दंड लावते. स्टॅनफर्ड, व्हॉर्टन, शिकागोच्या बूथ अशा काही अमेरिकी संस्थांत यावर एक तोड निघाली : विद्यार्थ्यांनी आपल्या श्रेणी नोकरी देणाऱ्यांना सांगायच्या नाहीत, असा संकेत किंवा नियम. त्याने अभ्यास सैल पडतो अशी टीका होते, आणि ती अगदीच निराधार असेल असे मला वाटत नाही. तरीही मला तो मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो. आमच्याकडे तो नाही. आमच्या बॅचने तरी नोट्स सर्वांसाठी खुल्या ठेवायचे ठरवले आणि पाळले. अभ्यासात पहिल्या असणाऱ्या मुलीनेच आपल्या वह्या आधी दिल्या, त्यामुळे मग इतरांना मागे राहणे जमले नाही.

प्लेसमेंटच्या दिवसांत या सगळ्याची खरी कसोटी लागते. सकाळी एकाच पदासाठी चार मैत्रिणी रांगेत. पहिली मुलाखत देऊन बाहेर येते. आत काय विचारले हे ती उरलेल्या तिघींना सांगणार का? आमच्याकडे सांगितले गेले, बहुतेक वेळा. मी ते पाहिले आहे आणि त्याचा लाभही घेतला आहे. माझी तयारी करून घेणाऱ्यांत एक सिनिअर होता. त्याची स्वतःची नोकरी सुरू झाली होती, दिवसभर काम करून तो रात्री फोनवर मॉक इंटरव्ह्यू घेत असे. ‘औषधे सोडून मार्केटिंगमध्ये का?’ या प्रश्नाला माझी पाठ केलेली उत्तरे त्याने एकेक करून खोडली आणि शेवटी जे खरे होते तेच बोलायला लावले. मात्र ज्यांना पहिल्या आठवड्यात नोकरी मिळाली नाही त्यांच्यासाठी तेच वसतिगृह जड होते. जवळच्या समाजात आनंद लपत नाही, तसे अपयशही लपवता येत नाही. जेवणाच्या टेबलावर प्रत्येक जण माहिती असूनही विचारत नाही, आणि ते न विचारणेसुद्धा टोचते. आमच्या बॅचमध्ये ज्यांचे काम झाले होते ते सुटीवर निघून गेले नाहीत. शेवटच्या माणसाची नोकरी ठरेपर्यंत आळीपाळीने थांबले. हे कोणत्या नियमात लिहिलेले नव्हते. मला या संस्थेचा अभिमान वाटतो तो मुख्यतः या दिवसांमुळे.

जवळीक सगळ्यांपर्यंत सारखी पोहोचत नाही, हेही खरे. एका वर्गमैत्रिणीचे मूल लहान होते, ती वसतिगृहाबाहेर राहत असे. रात्री अकरानंतर पायऱ्यांवर बसून जे बोलणे चाले, त्यात कोणत्या प्राध्यापकाला काय अपेक्षित आहे, कोणती कंपनी कशी आहे, ही खरी कामाची माहिती असे आणि ती तिला कधीच मिळत नसे. तिने ते एकदा वर्गात उभे राहून सांगितले. कोणी वाद घातला नाही. त्या दिवसापासून अभ्यासाचे किंवा नोकरीचे जे काही रात्री कळेल ते सकाळपर्यंत सर्वांच्या सामाईक फाइलमध्ये लिहायचे असे ठरले. पुढे त्या फाइलचा सर्वांत जास्त उपयोग अबोल मुलांना झाला, जी पायऱ्यांवर येत होती पण बोलत नव्हती. गोंगाट, सहली, रात्रभरचा नाच यांनाच जवळीक समजणारे माझ्या वर्गातही होते. माझ्या मते ती फाइल त्या सगळ्यांपेक्षा अधिक जवळची होती.

अशा सोबतीचा पुढे आयुष्यावर काय परिणाम होतो, यावरही अभ्यास झाले आहेत आणि ते पालकांनी, विद्यार्थ्यांनी वाचण्यासारखे आहेत. हार्वर्डमध्ये आपला सेक्शन विद्यार्थी निवडत नाहीत, तो संस्था ठरवते. म्हणून सोबतीचा परिणाम तिथे नीट तपासता येतो. जोश लर्नर आणि उल्रिके माल्मेंडियर यांच्या २०१३ च्या निबंधात असे दिसले, की ज्या सेक्शनमध्ये आधी स्वतःचा उद्योग केलेले विद्यार्थी जास्त, तिथून पदवीनंतर उद्योग काढणारे कमी निघाले. पण घटले ते मुख्यतः फसणारे उद्योग. ज्याने ठेच खाल्ली आहे असा मित्र शेजारी बसला असेल तर तो तुमची कच्ची योजना वेळीच मोडून काढतो. आमच्या इंजिनिअर मित्राची योजना गटाने अशीच मोडली. त्याला तेव्हा राग आला होता. आता तो दुसऱ्या योजनेवर काम करतो आहे आणि तिची पहिली मांडणी त्याने आमच्याकडेच आणली.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या केली श्यू यांच्या हार्वर्डवरच्याच अभ्यासात याची दुसरी बाजू आहे. एकाच सेक्शनमधून बाहेर पडून मोठ्या कंपन्यांच्या वरिष्ठ पदांवर गेलेल्यांचे वेतन आणि त्यांच्या कंपन्यांचे दुसऱ्या कंपन्या विकत घेण्याचे निर्णय एकमेकांशी मिळतेजुळते आढळले, आणि माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यानंतरच्या वर्षात हे साम्य आणखी वाढले. मैत्री टिकते, हे चांगलेच. पण सगळे एकसारखा विचार करू लागतात, ही भीती मला वर्गातही जाणवते. दुसऱ्या वर्षी आमच्या गटात वाद कमी झाले होते आणि ते सगळे एकमेकांना पटवून दिल्यामुळे कमी झाले नव्हते. कोण काय म्हणणार हे आधीच माहीत झाले होते. म्हणून दुसऱ्या वर्षी गट पुन्हा नव्याने पाडावेत, असे मी संस्थेला लेखी कळवले आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी तर १९७३ मध्येच दाखवले होते, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त १६.७ टक्के लोकांना ती वरचेवर भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती, ५५.६ टक्क्यांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून आणि २७.८ टक्क्यांना क्वचित भेटणाऱ्याकडून. आपल्या आतल्या माणसांना जे माहीत असते ते बहुधा आपल्यालाही माहीत असते. तेव्हा लहान, घट्ट विणलेल्या संस्थेत शिकणाऱ्याने बाहेरच्या माणसांशी बोलणे सोडू नये. मी अजून जुन्या रुग्णालयातल्या परिचारिकांशी बोलते. प्रकल्पासाठीचा माझा सर्वांत चांगला प्रश्न त्यांच्याकडून आला.

संपादक महोदय, आपल्या प्रवेश मार्गदर्शनाच्या पानांवर पॅकेजच्या शेजारी थोडी जागा या माहितीलाही द्यावी, ही माझी विनंती. एका वर्गात किती जण बसतात? स्टडी ग्रुप संस्था ठरवते की विद्यार्थी, आणि ते किती दिवस टिकतात? श्रेणी तुलनेने देतात का? नोकरी शेवटी मिळालेल्या विद्यार्थ्याच्या सोबतीला त्या आठवड्यांत कोण होते? मूल असलेली, नोकरी सोडून आलेली, दुसऱ्या भाषेत शिकून आलेली मुले तिथे कशी राहतात? ही उत्तरे संस्थेच्या जनसंपर्क विभागाकडून मिळणार नाहीत. आपल्या वार्ताहराने दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठावे आणि त्यांतही ज्यांची छायाचित्रे जाहिरातीत छापली जात नाहीत त्यांच्याशी बोलावे. आमच्या बॅचमधले पुष्कळ जण बोलायला तयार आहेत. मी त्यांना विचारूनच हे लिहिते आहे.

कळावे,
आपली नम्र,
व्यवस्थापन शाखेची एक विद्यार्थिनी
(सहाध्यायांचे खासगी तपशील पत्रात आले असल्याने माझे नाव प्रसिद्ध करू नये.)